आश्रय दरबारापुरता नव्हता
दिवंगत कलाश्रयदात्याच्या स्मरणार्थ झालेल्या गाण्याच्या घरगुती बैठकीवरील लेखात ‘शाहू महाराजांनंतर कोल्हापुरात गाण्याला आश्रय उरला नाही’ असे म्हटले आहे, ते पटत नाही. महाराज १९२२ साली गेले हे खरे. परंतु १८८३ सालचा देवल क्लब ही इथली संगीतसंस्था त्यानंतरही चालत राहिली आणि जयपूर घराण्याच्या गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांनी याच गावात शिष्य घडवले.

अशा घरगुती बैठकीत ध्वनिक्षेपकाशिवाय, तानपुऱ्यापासून दोन हातांवर बसून ऐकताना जयपूर घराण्याची लयीला धरून चालणारी आलापी, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, मला जशी उमगली, तशी ती मोठ्या सभागृहात (तिथल्या पंख्यांच्या घरघरीत) क्वचितच उमगली. स्वतःच्या माडीवर जाजम अंथरून वेळेवर दार लावून घेणारा यजमानही आश्रयदाताच असतो, हे लेखात यायला हवे होते.