खसखस सोडली, तेलही सोडा

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या विजया तेलावरून, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क असलेल्या आयुर्वेदिक तेलावरून, जुंपली आहे. पुण्यातल्या आतेभावाचं म्हणणं, महाशिवरात्रीला भांग चालते, मग आईच्या गुडघ्यांनी काय घोडं मारलंय? मी सिंगापूरला राहतो. तोंड उघडलं की ऐकवलं जातं, 'तू गप, तुमच्याकडे च्युइंगगमसुद्धा विकत मिळत नाही.'

खरं आहे. अनारशांवरची खसखसही, अफूच्या बिया म्हणून, चालत नाही. इथल्या मराठी बायकांनी ती केव्हाच सोडली. सीबीडी, म्हणजे भांग-गांजाच्या झाडातलं नशा न आणणारं रसायन, तर थेट अ वर्गातला अमली पदार्थ. थेंब असोत, गोळ्या असोत की बाम, जवळ सापडलं तर 10 वर्षांपर्यंत कैद, 20,000 डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नागरिक आणि पीआर (कायम रहिवासी) मंडळींनी बँकॉकला जाऊन घेतलं तरी गुन्हा इथं लागतो. थायलंडनं 2022 मध्ये गांजा खुला केला, पण इथला कायदा तसूभर हलला नाही. शुद्ध सीबीडीचं औषध मिळतं ते हट्टी अपस्माराच्या रुग्णाला, तेही तज्ज्ञामार्फत, खास परवानगीनं.

500 ग्रॅमहून जास्त गांजाच्या तस्करीला फाशी, हे मला कधीच पटलेलं नाही. तेव्हा इथली कडक शिस्त भारतात न्या, असं मी म्हणणार नाही. पण इथं माणसाला आपण कायद्याच्या कुठल्या बाजूला आहोत ते कळतं.

आपल्याकडे 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या. पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून विकला जातो. बियांचं तेल 2021 पासून खाद्यपदार्थांत, आणि त्यात सीबीडी जवळपास नसतंच! दोन्ही बाटल्यांवर चित्र मात्र त्याच पाच-सात बोटांच्या पानाचं. आत्याच्या बाटलीचा फोटो मोठा करून पाहिला. 'हेम्प' (म्हणजे हेच झाड) ठळक, बाकी मजकूर मुंगीच्या अक्षरात, नशा आणणारं टीएचसी किती याचा पत्ता नाही.

ग्रुपवर वाद 'परंपरा की व्यसन' असा रंगतो, तेव्हा हे कुणी विचारत नाही. माझी मागणी साधी आहे: झाडाचा कुठला भाग, सीबीडी किती, टीएचसी किती, हे ठसठशीत मराठीत छापा. आणि खाली एक ओळ, परदेशी नेऊ नये. वैद्यांची चिठ्ठी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर दाखवून सुटका होत नाही.