साडेतीन टनांचा संसार

नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये कोणाकडे किती मोकळा वेळ आहे हे पाहायचं असेल तर दारासमोर गाडीला जॅक लावावा. साधं पंक्चर असेल तर दोन-तीन माणसं जमतात. गाडी कॅरॅव्हॅन असेल, म्हणजे आत ओटा, सिंक, पलंग आणि संडाससुद्धा, तर सगळा सेक्टर लोटतो. येणारा प्रत्येक जण आधी वाकून गाडीखाली बघतो, मग सरळ होऊन कमरेवर हात ठेवतो आणि म्हणतो, "असं नाही करायचं." कसं करायचं ते मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं.

ही कॅरॅव्हॅन म्हणजे मुळातली टेम्पो ट्रॅव्हलर. 2021 साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते माझ्या मेव्हण्याने फारच मनावर घेतलं. जुनी गाडी घेतली, आतून सुताराकडून घर करून घेतलं, तारकर्लीला जाऊन वाळूत फोटो काढले आणि लगेच त्याची बंगळुरूला बदली झाली. तेव्हापासून गाडी 'सांभाळायला' आमच्याकडे आहे. मेव्हण्याची गाडी सांभाळायची म्हणजे धूळ आपली, विम्याची तारीख आपली, सोसायटीची बोलणी आपली आणि गाडी त्याची. बायकोसमोर याबद्दल बोलायची सोय नाही.

तर या गाडीच्या पोटाखाली सांडपाण्याची टाकी आहे. तिला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांपैकी एक गंजून तुटली आणि टाकी एका अंगाने लोंबू लागली. काम म्हणाल तर नवी पट्टी आणि दोन बोल्ट. पण बोल्टपर्यंत पोचायला गाडीखाली उताणं झोपावं लागतं, आणि गाडीचा तळ व जमीन यांच्यामध्ये जी जागा आहे तीत माझं पोट मावत नाही. यात गाडीचा काही दोष नाही, असं बायकोचं मत.

जवळच्या गॅरेजात दोन खांबांची लिफ्ट आहे, पण ती मोटारींची. मालकाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा लिफ्टकडे, एकदा पत्र्याच्या छताकडे, आणि चहा सांगितला. चहा पाजून नकार देणारा माणूस मला आवडतो. ट्रकवाल्यांकडे खड्डा असतो, गाडी वर उभी आणि मिस्त्री खाली. पण तिथे "दोन बोल्टांसाठी खड्डा अडवून ठेवू का?" असा उलटा सवाल आला. राहिलं घर.

घरी उचलायची तर आधी वजन कळायला हवं. आरसी बुकात वजन असतं खरं, पण मेव्हण्याने ठोकलेलं प्लायवूड, बॅटऱ्या आणि फ्रीज आरसी बुकाला काय माहीत? म्हणून तुर्भ्याच्या बाजूला ट्रकांच्या वजनकाट्यावर नेली. आधी अख्खी गाडी, मग नुसती मागची चाकं. सगळी मिळून 3,640 किलो, त्यातले 2,180 एकट्या मागच्या ॲक्सलवर. काट्यावरच्या माणसाने पावती फाडता फाडता विचारलं, "माल काय?" मी म्हणालो, "संसार." त्याने शांतपणे 'घरसामान' लिहिलं.

जॅक लावण्याआधी हा संसार हलका करायचा होता. गोड्या पाण्याची टाकी 100 लिटरची, म्हणजे 100 किलो, आणि तेही हिंदकळणारे. मी तोटी उघडणार तोच आई बाहेर आली. "मोरबे धरणाचं पाणी आहे, गटारात सोडायचं नाही." मग बादल्या भरून आमच्या कुंड्या, शेजारच्यांच्या कुंड्या आणि शेवटी सोसायटीचा नारळ, असं सगळ्यांना पाणी पाजलं. गॅसचा सिलिंडर बाहेर काढला. त्यानंतर पलंगाखालचे कप्पे उघडले, तर आत मखराचं सामान, लोणच्याच्या बरण्या, तांब्याचा बंब आणि पाटा-वरवंटा.

"आई, पाटा-वरवंटा गाडीत?"

"मग घरात जागा कुठे आहे?"

एकूण मेव्हणा गेल्यापासून आमच्या घराला एक खोली वाढली होती आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मग जमीन. आमचा सेक्टर खाडीच्या बाजूचा, भरावावरचा. आवारात पेव्हर ब्लॉक आहेत, वरून सपाट आणि खाली नुसती वाळू. बाटलीच्या आकाराच्या, तेलाच्या जॅकचा तळ तळहाताहून फारसा मोठा नसतो. त्या एवढ्याशा जागेवर टनभर भार आला की ब्लॉक मुकाट्याने खाली जातो आणि जॅक तिरका होतो. म्हणून जॅकखाली आणि उचललेली गाडी ज्यांवर टेकवायची त्या लोखंडी स्टँडखाली साल लाकडाच्या जाड फळ्या घातल्या, म्हणजे भार पाच-सहा ब्लॉकांत वाटला जातो. पाणसळ घेऊन मी जमिनीचा उतार बघत बसलो तेव्हा गॅलरीतले काका म्हणाले, "अहो, पलीकडे उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, विमानतळ झाला. तुमची फळी अजून बसतेय!"

हे काका म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे, फक्त उंटाऐवजी दुसऱ्या मजल्याची गॅलरी. त्यांनी वरूनच विचारलं, "हँडब्रेक ओढलाय ना? मग चाकांना पाचरी कशाला?" आता हँडब्रेक धरतो मागच्या चाकांना, आणि मी हवेत उचलणार होतो ती मागचीच. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत असती तर घाटात एसटीवाल्यांनी ब्रेकऐवजी चाकंच वर घेतली असती. पुढच्या दोन्ही चाकांना मागूनपुढून लाकडी पाचरी ठोकल्या. काकांनी मान हलवली. ती कौतुकाने नव्हती.

पुढचे तज्ज्ञ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांचं म्हणणं, गाडीच्या चार कोपऱ्यांना फिरवायचे पाय आहेतच, तेच फिरवले की गाडी आपोआप वर. ते पाय मुक्कामाला गाडी डुलू नये म्हणून असतात. रात्री कोणी कुशीवर वळला की सगळं घर हलतं, तेवढं थांबवणं हेच त्यांचं काम. त्यांच्यावर गाडी तोलली तर ते वाकतात, नाहीतर तळाच्या पत्र्यासकट उखडतात. मुलाने हे ऐकून घेतलं आणि "पण थिअरेटिकली..." म्हणाला. त्याला मी पान्हे पुसायला दिले.

मग सेक्रेटरी आले. "स्टँडबिंड कशाला आणलेत? रंगकामाच्या वेळचे सिमेंटचे ब्लॉक पडलेत मागे, चार-चार रचा. मी सांगतो ना." सेक्रेटरी सांगतात तेव्हा तो सल्ला नसतो, ठराव असतो. पण पोकळ ब्लॉक आणि विटा यांचा एक स्वभाव आहे. भार वाढला तर लोखंड आधी वाकून दाखवतं, वीट काहीच दाखवत नाही. ती एकदम फुटते. मी नम्रपणे नाही म्हटलं. "मग जॅकवरच राहू द्या, 10 टनाचा आहे म्हणता ना!" असा दुसरा ठराव आला. जॅकवर 10 टन छापलेलं असतं हे खरं. पण आतलं तेल एका रबरी सीलने धरून ठेवलेलं असतं, आणि ते सील फाटलं की 10 टनांचा जॅक शून्य टनाचा होतो. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. हे वाक्य मी त्या दिवशी इतक्या जणांना ऐकवलं की पुढे आईच परस्पर सांगू लागली, आणि माझ्यापेक्षा ठसक्यात.

या सगळ्या गर्दीत समोरच्या घरातले आजोबा तेवढे गप्प होते. आयुष्यभर माथाडी, आधी मुंबईत आणि बाजार इकडे हलल्यावर तुर्भ्याच्या मसाला मार्केटात. त्यांच्या उमेदीच्या काळात पोतं 100 किलोचं असे. ते उकिडवे बसले, गाडीखाली नजर फिरवली आणि एकच विचारलं, "ठेवणार कशावर?"

सकाळपासून जो तो उचलण्याबद्दल बोलत होता. मी स्टँड दाखवले, त्यांच्या पिना दाखवल्या, फळ्या दाखवल्या. त्यांनी एक फळी पायाने दाबून पाहिली. "ठेवायची जागा आधी बघायची, मग पाठ द्यायची," म्हणाले, आणि वळून पोराटोरांना असा आवाज दिला की सेक्रेटरीसुद्धा चार पावलं मागे सरले.

मग सुरू झालं पंपिंग. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कल 17व्या शतकात सांगून गेला. छोट्या दट्ट्यावर मी, मोठ्या दट्ट्यावर मेव्हण्याचा संसार. फक्त पास्कलच्या दुकानात उधारी नाही. दांडा हातभर खाली दाबावा तेव्हा गाडी केसभर वर. ॲक्सलखाली, गाडीचे धक्के झेलणाऱ्या लोखंडी पाट्यांच्या जवळ जॅक लावून थोडं डावीकडे उचलायचं, मग तेवढंच उजवीकडे, म्हणजे गाडी कलत नाही. दर खेपेला स्टँड एक खाच वर. प्रेक्षकांना असलं काही पाहायचं नव्हतं. काही कोसळत नाही म्हटल्यावर निम्मे जेवायला गेले.

सहा इंच वर गेल्यावर चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, स्टँड पक्के केले आणि जॅक हळूच सोडला. गाडी स्टँडवर टेकली, पाटे सुटले आणि चाकं लोंबत पुन्हा जमिनीकडे निघाली. गॅलरीतून आरोळी आली, "गेली! खाली गेली!"

"चाकं गेली, काका. घर वरच आहे."

मग मी कडेला उभा राहून गाडीला खांदा लावला आणि जोरात ढकललं. सेक्रेटरींनी डोळे मिटले. पण पडायचीच असेल तर मी बाहेर असताना पडलेली बरी. हलली नाही. तरी चेसिसखाली स्टेपनी आडवी सरकवली, जॅकही नुसता टेकवून ठेवला. "एवढी भीती वाटते तर करता कशाला?" असं कोणीतरी विचारलंच. विचारणारा गाडीखाली जाणार नव्हता.

बोल्टांचं काम चहा निवायच्या आत झालं. पण आईने गाडी उतरवू दिली नाही. "वर आहे तोवर झाडून घेते." लांब दांड्याच्या खराट्याने तिने बाहेर उभं राहूनच पालापाचोळा ओढला. त्याबरोबर क्रिकेटचे चेंडू, एक स्लीपर आणि सेक्रेटरींनी 'चोरीला गेली' म्हणून नोटीस लावलेली पाण्याच्या पाइपची नोझल बाहेर आली. तिच्यावर कोणी काही बोललं नाही.

गाडी खाली घेऊन मी स्टँड पुसत होतो, तेव्हा सेक्रेटरी पुन्हा आले. आवाज ठरावाचा नव्हता. "माझ्या गाडीच्या खालून काहीतरी खडखडतंय. रविवारी तुमच्या या स्टँडवर घेऊन बघाल का जरा?"

"मागे ते सिमेंटचे ब्लॉक पडलेत ना?" मी म्हणालो.

"छे हो," सेक्रेटरी म्हणाले, "ब्लॉकवर कोण गाडी ठेवतं?"