हिरवा दिवा लागेपर्यंत

टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून इंटरनेट जोडायच्या, म्हणजे डायल-अपच्या काळात इंटरनेट आणि टेलिफोन या दोन गोष्टी एका घरात एकाच वेळी नांदत नसत. मोडेमने किंचाळत, खरखरत एकदाची जोडणी साधावी, पान अर्धे उतरावे आणि नेमके तेव्हाच दुसऱ्या खोलीतील कोणीतरी रिसीव्हर उचलून ‘हॅलो’ म्हणावे, हा नित्यक्रम होता. त्यामुळे ‘इंटरनेट चालू असतानाही फोन चालू’ हे वाक्य ब्रॉडबँडच्या पत्रकांवर ठळक अक्षरांत दिसले, तेव्हा माझा निर्णय तिथेच झाला. प्रश्न फक्त कंपनी कोणती, एवढाच उरला होता.

निवड डोळसपणे करावी म्हणून मी एक तक्ता आखला. वेग, महिन्याचे भाडे, डाउनलोडची मर्यादा, मोडेम फुकट की विकत, कराराची मुदत असे त्याचे रकाने होते. पत्रकांतील वेग किलोबिटमध्ये दिलेले आणि संगणकाच्या खिडकीत दिसणारे आकडे किलोबाइटमध्ये, म्हणजे पहिल्याला आठाने भागल्याशिवाय दुसरा मिळत नाही, ही गोष्ट विक्रेत्यांपैकी एकानेही आपण होऊन सांगितली नाही. त्यांच्यातील एका तरुणाने तर ‘सर, बिट काय आणि बाइट काय, एकच’ असे सांगून गणितशास्त्राला कायमची सुट्टी दिली. ५१२ किलोबिटची जोडणी घेणाऱ्याला डाउनलोडच्या खिडकीत फार तर ६४ हा आकडा दिसतो, आणि मग वेगाचा सात-अष्टमांश हिस्सा कंपनीने वाटेतच काढून घेतला अशी त्याची प्रामाणिक समजूत होते. पाच मेगाबाइटचे एक गाणे त्या वेगाने ८० सेकंदांत उतरे. डायल-अपवर त्याच गाण्याला बारा-तेरा मिनिटे लागत असल्यामुळे ही फसवणूक तशी गोड वाटे, ही गोष्ट वेगळी.

इतक्या मेहनतीने केलेल्या तक्त्यात जो रकाना असायला हवा होता, तो मात्र कोणत्याच पत्रकात नव्हता. तो म्हणजे टेलिफोन एक्सचेंजपासून घरापर्यंतच्या तारेची लांबी. माणसाचा आवाज तारेवरच्या साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात मावतो. एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्याचे तंत्र, त्याच्या वरचा, सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा रिकामा पट्टा माहिती वाहण्यासाठी वापरते, आणि म्हणूनच फोन व इंटरनेट एकाच तारेवर सुखाने राहतात. परंतु हे उंच स्वर तांब्यातून फार दूर जात नाहीत. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एक्सचेंजच्या शेजाऱ्याला ८ मेगाबिटच्या आसपास वेग मिळू शकत असला, तरी चार-पाच किलोमीटरवरच्या ग्राहकाला आशीर्वादावरच भागवावे लागते. त्यातही अंतर नकाशावर मोजून चालत नाही, कारण टेलिफोनची तार सरळ घरी येत नाही; ती वाटेतल्या प्रत्येक खांबाची आणि पेटीची विचारपूस करत येते.

या तंत्रात घराकडे येणारा वेग मोठा आणि घराबाहेर जाणारा लहान ठेवण्याची कल्पना बेलकोर या अमेरिकी संशोधन संस्थेतील जोसेफ लेकलायडर यांची. ग्राहकाला घेण्याची हौस देण्यापेक्षा नेहमीच मोठी असते, हे त्यांनी १९८० च्या दशकातच ओळखले होते. मला त्यांच्याविषयी आदर आहे. मात्र नातेवाइकांना समारंभाची छायाचित्रे ईमेलने पाठवताना तो दर वेळी थोडा कमी होत असे.

तारेच्या लांबीची कटकट नको म्हणून केबलवाल्यांकडे वळावे, तर तिथे एकाच केबलवर सगळी वस्ती. दुपारी जोडणी अशी धावे की करार केल्याचे समाधान वाटावे, आणि संध्याकाळी मंडळी कामावरून परतली की तिची चाल थेट डायल-अपच्या दिवसांची आठवण करून देई. अर्थात टेलिफोन कंपन्यांच्या करारातही अगदी शेवटी, भिंगाच्या आकाराच्या अक्षरांत नव्हे तर भिंग लागेल अशा अक्षरांत, ‘१:५०’ असे काहीतरी छापलेले असे. त्याचा अर्थ, विकत घेतलेल्या वेगात आणखी एकोणपन्नास घरे भागीदार आहेत. त्यांच्यातील एक तरी गृहस्थ रात्रंदिवस सिनेमे उतरवत असतो, असा माझा पक्का संशय आहे.

अखेर एका कंपनीचा मोडेम घरी आला. त्याच्याबरोबर फिल्टर नावाच्या लहान डब्या आल्या. घरातील प्रत्येक फोनच्या आधी त्यातली एक लावायची, नाहीतर फोनवर वाफ सुटल्यासारखा आवाज येतो आणि घंटी वाजली की इंटरनेट मान टाकते. माळ्यावर ठेवलेला, कोणी कधीही न वापरलेला जोडफोनही या नियमाला अपवाद नसतो, हा शोध यथावकाश लागला. त्यानंतर आमचे सारे लक्ष मोडेमवरच्या दिव्यांवर खिळले. वीज आल्याचा दिवा लगेच लागे. जोडणीचा दिवा मात्र लुकलुकत राही. तान्ह्या मुलाला ताप आला असता घरातील माणसे आळीपाळीने जशी त्याच्या कपाळाला हात लावून पाहतात, तशी आम्ही येता-जाता त्या दिव्याकडे नजर टाकत असू. तो स्थिर हिरवा झाला की आवाज दबका ठेवायचा, अशी कोणी न सांगितलेली शिस्तही घरात आपोआप आली.

दिवा स्थिर होईना, तेव्हा कस्टमर केअरला फोन करणे आले. तिथल्या मुलाने ‘मोडेम बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा’ हे इतक्या निर्विकारपणे सांगितले की मला त्याचा हेवा वाटला. खरी चीड आणणारी गोष्ट अशी की हा उपाय हास्यास्पद नाही: मोडेम पुन्हा चालू झाला की तो एक्सचेंजशी नव्याने बोलणी करतो, तारेवर सध्या किती गोंगाट आहे ते पाहतो आणि झेपेल तो वेग ठरवून घेतो. म्हणजे आपण ज्याच्यावर तोंडसुख घ्यायला बसलो, त्याचेच बरोबर निघते. पुढच्या पायरीवर मात्र त्याने तक्रार संकेतस्थळावर नोंदवायला सांगून माझी लाज राखली.

‘सदैव जोडलेले’ या जाहिरातीचा अर्थ ऑगस्ट २००३ मध्ये नीट समजला. ब्लास्टर नावाचा किडा तेव्हा विंडोजच्या संगणकांत कोणीही काहीही न उघडता शिरत होता, आणि सदैव उघडे असलेले आमचे दार त्याला सापडायला वेळ लागला नाही. पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक आपला आपण बंद पडे. दुरुस्ती इंटरनेटवरच उपलब्ध होती, म्हणजे ती त्या साठ सेकंदांत उतरवायची. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने संरक्षक भिंत (फायरवॉल) आपोआप चालू ठेवणारी मोठी दुरुस्ती काढली. तिची पूर्ण फाइल सुमारे २६६ मेगाबाइटची होती. ५१२ किलोबिटचा पूर्ण वेग मिळाला तर सव्वा तासाचे काम. त्या ‘तर’मध्ये आमची एक रात्र गेली, आणि महिन्याच्या मर्यादेचा मोठा लचका तुटला तो वेगळाच.

शेवटी कंपनी बदलली. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने आणि युरोपीय संघात २००० सालच्या नियमाने जुन्या टेलिफोन कंपन्यांना आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना वापरू देणे भाग पाडले होते, म्हणून या व्यवस्थेविषयी वाचताना मला स्पर्धेचे फार कौतुक वाटले होते. नव्या कंपनीने जोडणीसाठी लाइनमन पाठवला. दार उघडले तर जुनाच लाइनमन. ‘साहेब, पुन्हा तुम्हीच?’ त्याने मला विचारले. त्याने तीच तार उपसली, त्याच सांध्याला नवी पट्टी गुंडाळली, आणि वेग मोजला तेव्हा तो पहिल्या कंपनीइतकाच भरला.

थोड्याच दिवसांत पहिल्या कंपनीच्या विक्री विभागातून फोन आला. नव्या ग्राहकांसाठी खास योजना आहे, चौपट वेग देऊ, असे त्या बाईंनी अत्यंत आपुलकीने सांगितले. मी तारेच्या लांबीची चौकशी केली. त्यांनी मला एक मिनिट थांबायला सांगून संगीत लावून दिले. ते मी बराच वेळ ऐकले.