तारीख ट्रेवर नको, अंड्यावर हवी

अंड्यांच्या ट्रेवर तारीख छापली की गिऱ्हाईकाला ताजं-शिळं कळेल असं म्हणतात, पण मला हे काही पटलं नाही. आमच्या सिडकोत सहा अंडी मागितली की दुकानदार ३० च्या ट्रेमधून काढून देतो, ट्रे दुकानातच. कालची उरलेली आजच्या ट्रेत भरतानाही पाहिलंय. परवा आणलेल्या सहांपैकी दोन पाण्यात तरंगली (अंडं जुनं झालं की कवचातून ओल उडून आतली हवेची पोकळी वाढते). विचारलं तर म्हणे, "ताई, गाडी आजच आली!" गाडी आज आली असेल हो, कोंबडीनं कधी घातलं?

आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांतच मनाई आहे. माझी अंडी मात्र अजून रद्दीतच येतात.