एक सीट, एक सीट

परवा आमच्या ऑफिसात एका नव्या टूलचा डेमो झाला. विकणारा मुलगा बेंगळुरूहून ऑनलाइन होता, बोलत छान होता. पाऊण तासाने शेवटच्या स्लाइडवर येऊन त्याने विचारलं, "तर मग, किती सीट्स धरू?" सगळे आपापल्या टीमचे आकडे सांगायला लागले आणि मला एकदम हडपसरचा गाडीतळ दिसला. कॉलेजात असताना मी तिथून सहा आसनी रिक्षाने जायचे. ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळत ओरडायचा, "चला, एक सीट, एक सीट!" आणि आत सहांच्या जागी नऊ जण कोंबलेले असायचे. "ताई, जरा सरका, अजून एक सीट बसतीय."

हसू आलं, पण फार टिकलं नाही. कारण गेली काही वर्षं मी पगार घेते तो सीट मोजण्याचाच. सॉफ्टवेअर वापरणारा एक माणूस म्हणजे एक सीट.

स्टार्टअपमधल्या टूल्सवर फेसबुकवर पुष्कळ लिहिलं जातं. लिहिणारे बहुतेक ती वापरणारे असतात, नाहीतर बनवणारे. मी बिलं भरणारी. कार्डावर 'फायनान्स अँड ऑपरेशन्स' छापलंय. म्हणजे पगार, जीएसटी, जागेचं भाडं, चहावाल्याची उधारी आणि सगळी सबस्क्रिप्शन्स. सीए इंटरला अडकले ती अडकलेच. आर्टिकलशिप सदाशिव पेठेत केली. तिथे अख्ख्या ऑफिसात टॅलीचं एक लायसन, कॉम्प्युटरच्या मागे खोचलेलं डोंगल, आणि आम्ही चौघं पाळीपाळीने त्यावर बसायचो. सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की आपलं, एवढीच माझी समजूत. दर माणशी दरमहा पैसे भरायचे असतात हे २०१९ साली बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये गेल्यावर कळलं.

तेव्हा आम्ही नऊ जण होतो. एक व्हॉट्सअॅप ग्रुप, एक गुगल शीट, आणि ओरडलं तर ऐकू जाईल एवढं ऑफिस. मग पहिली गुंतवणूक आली आणि तिच्यामागून टूल्स आली. बोलायला स्लॅक, कामं टाकायला जिरा, डिझाइनला एक, रजा मांडायला एक, 'तुम्ही या आठवड्यात किती आनंदी आहात' हे दर शुक्रवारी विचारायला एक. (जिरा ऐकून मला फोडणी आठवली होती. खरं नाव गोजिरावरून आलंय, म्हणजे गॉडझिलाचं जपानी नाव. ते बनवणारे आधी बगझिला नावाचं टूल वापरत, त्यावरून गंमत. आमच्याकडे मात्र एकमेकांच्या नावावर तिकिटं टाकून लोक एकमेकांची जिरवतच होते, त्यामुळे नाव शोभलं.)

मी एक शीट केलं होतं: टूलचं नाव, कोणती टीम, किती सीट, महिन्याचा खर्च, शेवटचं लॉगिन कधी. २०२२ च्या मध्यावर त्यात ३१ ओळी होत्या. ते शीट वरून खाली वाचलं की कंपनीचा इतिहास कळायचा. कोणता मॅनेजर कधी आला आणि आधीच्या कंपनीतून कोणती सवय घेऊन आला, कोणतं भांडण कोणत्या महिन्यात झालं, सगळं. सेल्स आणि प्रॉडक्टचं पटत नव्हतं, तेव्हा दोघांना समोरासमोर बसवण्याऐवजी आम्ही दोघांच्या मध्ये एक टूल घेतलं होतं. महिना १८ हजार रुपये. पटलं नाहीच.

यातली अर्धी टूल्स फुकटात शिरली होती. नव्या कंपन्यांना क्लाउडवाले, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणारे, क्रेडिट देतात, तेवढ्या रकमेचा वापर फुकट. ॲमेझॉनच्या योजनेत ते तेव्हा १ लाख डॉलरपर्यंत जायचं. बाकीचेही पहिल्या वर्षी घसघशीत सवलत देतात. दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लागू होतो, आणि साधारण त्याच सुमारास गुंतवणुकीच्या पहिल्या राउंडचे पैसे तळाला गेलेले असतात. हत्ती आहेरात आला होता, चारा आमचा. वर परदेशी टूल असेल तर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच आधी रोखीने भरायचा आणि मग क्रेडिट मागायचं. हे फाउंडरला समजावताना त्याचे डोळे ज्या प्रकारे विझायचे ते मी विसरणार नाही.

एक दिवस मात्र मजेचा होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आला की कार्डावरून आपोआप कापली जाणारी रक्कम ५ हजारांवर असेल तर दरवेळी ओटीपी लागणार. (पुढे २०२२ मध्ये मर्यादा १५ हजार झाली.) कार्ड फाउंडरच्या नावावर, ओटीपी फाउंडरच्या फोनवर, फाउंडर दिल्लीच्या विमानात. सेल्सचं सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं टूल, सकाळी दहाला बंद पडलं. आठ पोरांनी खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून वह्या आणल्या, आठवतील ती नावं लिहिली आणि फोन लावायला बसली. संध्याकाळपर्यंत कोणाचं काही अडलं नाही. मी हे फाउंडरला कळवलं. तो हसला आणि त्याने मला दुसरं कार्ड दिलं.

टूल्स वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. पगारपत्रकाला पूर्वी मला चार दिवस लागायचे, आता अर्धा दिवस लागतो. तो वेळ मला कोणी परत दिला नाही, आणखी दोन कामं आली, पण त्यात सॉफ्टवेअरचा काय दोष? सीटचा हिशेब गुंतवणूकदारांनी काढला असंही नाही. बाहेरचं भांडवल न घेता वाढलेलं झोहोसुद्धा दर माणशी दरमहाच विकतं. विकणाऱ्याच्या दृष्टीने तो हिशेब चोखच आहे. माझं दुखणं वेगळं आहे.

२०२२ च्या अखेरीस आमचा पुढचा राउंड अडला. सगळीकडेच पैसा आटला होता. सात महिन्यांचा रनवे उरला, म्हणजे सात महिने पुरतील एवढेच पैसे. बैठकीत एका गुंतवणूकदाराने व्हॉट्सअॅपचं उदाहरण दिलं: २०१४ साली फेसबुकने १९ अब्ज डॉलरला घेतलं तेव्हा तिथे जेमतेम ५५ माणसं होती. तुम्ही ७० जण काय करता? मला विचारावंसं वाटलं की मग आमच्यासारख्या कंपन्यांमध्ये महिन्याला मोठाले आकडे ओतून 'टीम वाढवा' म्हणून मागे कोण लागलं होतं? पण मी बैठकीत चहा आणि आकडे पुरवायला होते.

मी टूल्सवर कात्री चालवली. ३१ च्या १४ केल्या. महिन्याला अडीच लाखांच्या आसपास वाचले आणि मी खूश होते, खोटं कशाला बोलू. शीट फाउंडरला दाखवलं. तो म्हणाला, "मस्त. आता असंच एक माणसांचं कर ना."

मी तो टॅब डुप्लिकेट केला. नाव बदललं. वरचे कॉलम तसेच राहिले, कारण ते लागू पडत होते: नाव, टीम, महिन्याचा खर्च. 'शेवटचं लॉगिन' खोडून तिथे 'किती गरजेचा' लिहिलं. ते सहज झालं. नवीन काही बनवावंच लागलं नाही, याचाच मला नंतर त्रास झाला. चार वर्षं मी माणूस म्हटलं की सीट, सीट म्हटलं की महिन्याचे इतके, असं मोजत आले होते. कॉलम आधीच डोक्यात तयार होते. हा वाईट माणसांनी केलेला कट नव्हता. फाउंडर त्या आठवड्यात झोपत नव्हता, हे मी पाहिलंय. पण ज्या शीटमध्ये रद्द करणं म्हणजे ओळ लाल करणं, त्यात माणसं बसवली की हातही त्याच सवयीने चालतो.

१७ नावं निघाली. त्यातल्या एकाला अकरा महिने झाले होते. ईसॉप, म्हणजे नोकरांना देऊ केलेले कंपनीचे शेअर्स, ग्रँट झाल्यापासून व्हेस्ट व्हायला, म्हणजे त्यांच्यावर हक्क मिळायला, किमान एक वर्ष जावं लागतं, आपल्याकडे तो नियमच आहे, त्यामुळे त्याच्या हातात शून्य. जॉइन होताना त्याच मुलाला मी ऑफर लेटरमधला तो आकडा कौतुकाने दाखवला होता. त्याने तो घरी दाखवला असणार.

ठरलं असं: सकाळी अकराला सगळ्यांशी व्हिडिओ कॉल, आणि अकराला खाती बंद. आयटी विभाग नव्हता, त्यामुळे बंद करणारी मी. ईमेल, स्लॅक, कोड, रजेचं टूल, या क्रमाने. मी घड्याळ लावून बसले होते. पण कॉल लांबला. फाउंडरला शब्द सापडत नव्हते, त्याने आधी बाजाराची परिस्थिती सांगायला घेतली आणि नावांपर्यंत यायला दहा-बारा मिनिटं गेली. मला ते कळायला मार्ग नव्हता. मी ठरल्याप्रमाणे बरोबर अकराला सुरुवात केली होती.

११ वाजून ४ मिनिटांनी आमच्या डिझाइनमधल्या एका मुलीचा व्हॉट्सअॅप आला. "ताई, माझं स्लॅक चालत नाहीये. जरा बघाल का?"

ती कॉलवर होती तेव्हा. ऐकत होती आणि एकीकडे काम करत होती.

स्लॅकचा एक नियम ग्राहकाच्या सोयीचा आहे: खातं बंद केलं की उरलेल्या दिवसांचे पैसे क्रेडिट म्हणून जमा होतात. ते झाले. १७ सीटचे, दिवसांच्या हिशेबाने, पैशापर्यंत अचूक, मला न मागता. त्या १७ जणांचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, आम्ही ४५ दिवसांनी केलं, तेही दोघांनी तीन-तीनदा विचारल्यावर. आता नवी वेतन संहिता आलीय, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. काढून टाकलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. त्यावर बऱ्याच फाउंडर मंडळींचे कपाळाला हात लावलेले मेसेज माझ्यापर्यंत आले. 'प्रॅक्टिकल नाहीये.' अहो, यंत्राला जमतं की तुमच्याच खात्यावर. सीटचे सुटे परत येतात, तर माणसाचे का नाही देता येत?

स्लॅकचीच जन्मकथा यापेक्षा बरी आहे. ती कंपनी मुळात ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. तो चालला नाही, २०१२ च्या अखेरीस बंद केला, बहुतेकांना जावं लागलं. आपापसात बोलायला त्यांनी जे घरगुती टूल केलं होतं तेवढं उरलं आणि त्याचं पुढे स्लॅक झालं. सेल्सफोर्सने २०२१ मध्ये २७ अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतलं. ही गोष्ट प्रत्येक फाउंडरला पाठ असते, अपयशातून सोनं वगैरे. त्यातला एक भाग मात्र कोणी सांगत नाही. खेळ बंद करताना त्यांनी साइटवर एक पान लावलं होतं. गेलेल्या माणसांची नावं, फोटो, कोणी काय केलंय ते, आणि यांना कामावर घ्या असं आवाहन. आम्ही त्या दिवशी दुपारी लिंक्डइनवर 'कठीण निर्णय' अशी पोस्ट टाकली. फोटो फाउंडरचा होता.

आता मी दुसरीकडे आहे. इथे येताना मी तीन गोष्टी मागून घेतल्या आणि मिळाल्या. माणसाची खाती त्याच्याशी बोलणं होईपर्यंत बंद होणार नाहीत, आणि ती बंद त्याचा मॅनेजर करेल, मी नाही. हिशेबाची तारीख त्याला त्याच बैठकीत सांगितली जाईल. आणि टूल्सचं शीट आणि माणसांचं शीट एका फाइलमध्ये राहणार नाही. तिसरी मागणी ऐकून नवा फाउंडर म्हणाला, "वेगळ्या फाइलने काय फरक पडतो?" मी म्हटलं, मला पडतो.

परवाच्या डेमोत तेच झालं, अर्थात. टूल एआयचं होतं, कोड लिहून देणारं. महिन्याला सीटमागे साधारण वीस डॉलर. कोणीतरी लगेच मांडलं: म्हणजे १,८०० रुपयांच्या आसपास सीट, आणि एक नवा मुलगा घेतला तर ४५ हजार. दोन आकडे शेजारी लिहिले गेले आणि सगळे गप्प झाले, गणित सुटल्यासारखे. मी विचारलं की रात्री दीडला पेमेंट अडकलं तर ग्राहकाचा फोन यातली कोणती सीट उचलेल. हसले सगळे. मग एक जण म्हणाला, "ते आपण बघू." आठ सीट घेतल्या. तीन महिन्यांनी परत बघायचं ठरलंय. टूल चांगलं आहे, मी स्वतः एक सीट मागितली आहे, बँकेचे स्टेटमेंट जुळवायला.

डिझाइनमधली ती मुलगी आता बंगळुरात चांगल्या ठिकाणी आहे. दिवाळीला न चुकता शुभेच्छा पाठवते, मीही पाठवते. आमच्या चॅटमध्ये एवढंच आहे: पणत्यांची चित्रं, आणि जरा वर गेलं की तिचा ११ वाजून ४ मिनिटांचा मेसेज. त्याखाली माझं उत्तर, ११ वाजून ५ मिनिटांनी.

"हो गं, बघते."