शुगरवाल्यांना गुळाचा चहा चालतो, हा मेसेज चुकीचाय

लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरायलाय की साखर म्हणजे विष, गूळ नैसर्गिक, म्हणून शुगर असली तरी गुळाचा चहा बिनधास्त प्या अन् ज्वारीची भाकरी कितीबी खा.

अहो, साखरबी उसाचीच अन् गूळबी उसाचाच. साखरेत जवळपास सगळं सुक्रोज (म्हणजे ज्याला आपण साखर म्हणतो तेच), गुळात साधारण 65 ते 85 टक्के सुक्रोज, वर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, बाकी ओलावा अन् खनिजं, त्यामुळं रक्तातली शुगर दोन्हीनं वाढतेच. गुळात लोह असतं हे खरंय, पण कपभर चहात पडणाऱ्या खड्यातून ते किती मिळणार? उलट गूळ कमी गोड लागतो म्हणून लोक अजून एक खडा टाकायलेत, मग काय उपयोग राव.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलंय की वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांखाली ठेवा, 5 टक्क्यांखाली आणली तर अजून चांगलं, म्हणजे दिवसाला साधारण 25 ग्रॅम, सहाएक चमचे. त्यात मध अन् फळांचा ज्यूसबी मोजतात, अन् हे तब्येत धड असणाऱ्यांसाठी.

भाकरीचं म्हणाल तर मैद्याच्या पावापेक्षा ती कधीबी बरी, फायबर असतं. पण कर्बोदकं (पिठूळ भाग, ज्याची पोटात साखरच होते) जवळपास गव्हाइतकीच, म्हणून 'कितीबी' नाही, मोजूनच, अन् सोबत वरण, पालेभाजी पाहिजे.

वेळाअमावस्येला शेतात गुळाचा एक खडा तोंडात टाकला तर आभाळ कोसळत नाही. पण हा मेसेज वाचून कुणी गोळ्या बंद केल्या असतील, तर आजच डॉक्टरला फोन लावा.