काळी माती आणि खालचे काका

बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे. त्यावरून बोलणी खायचं कामही ओघानं माझ्याकडेच आलं.

जास्वंदीच्या कुंडीत सासऱ्यांच्या शेतातली काळी माती आहे. "सोनं आहे, जावईबापू," असं म्हणून त्यांनी पोतंभर दिली. कापसाला ती सोनं असेलही. कुंडीत मात्र तांब्याभर पाणी ओतलं की वर तळं साचतं, आणि मी ऑफिसातून परत येईतो ते जागचं हललेलं नसतं. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान. तिच्यात एकूण पोकळी वाळूपेक्षा जास्त असते, पण एकेक फट इतकी अरुंद, की पाणी शिरतं ते तिथेच चिकटून बसतं.

ही झाली ओल्या मातीची तऱ्हा. आम्ही चार दिवस लग्नाला गेलो की ती वाळून आकसते आणि कुंडीचा काठ सोडते. मग सगळा तांब्या त्या फटीतून थेट खालच्या काकांच्या वाळत घातलेल्या लेंग्यावर.

"यंदा मान्सून लवकर आला का हो?" काकांचा फोन.

नर्सरीवाला म्हणाला, वाळू मिसळा. जाडी वाळू मिसळली, तर झाडाच्या आधी काकांना पाणी मिळू लागलं. म्हणून बांधकामावरची क्रश सँड आणली. दिसायला तीही जाडीच, पण तिच्यात भुकटी होती. पुन्हा तळं!

वाळूतून पाणी किती वेगानं झिरपतं, हे फ्रान्सातल्या दिजाँ शहरात आँरी दार्सीनं १८५६ साली नियमात बसवलं. पुढे अमेरिकेत अॅलन हेझननं १८९२ च्या सुमारास गाळणीच्या वाळूचा हिशेब मांडला: कण निम्मा झाला की वेग पाव होतो. आणि कण मोजायचा तो सरासरी नव्हे, सगळ्यात बारीक दहा टक्क्यांच्या सीमेवरचा. नव्वद टक्के जाडे कण असोत, पाणी अडवायला बारके दहा पुरतात. आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव असेच अडतात.

मावशींचा सल्ला वेगळाच: "तळाला खापऱ्या घाल, निचरा होतो." होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खापऱ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती चिंब होईपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणजे खापऱ्यांनी चिखल मुळांच्या आणखी जवळ आणला. हे मी मावशींना समजावून सांगितलं.

"आमच्या आजीपासून घालतोय हो," त्या म्हणाल्या. दार्सी, हेझन दोघेही गार.

शेवटी काळी माती थोडी, चाळून भुकटी काढलेली वाळू बरीच आणि कोकोपीट, असं काहीतरी जमलं. पाणी बेतानं झिरपतं, लेंगे कोरडे राहतात. आता काकांनी बरोबर आमच्या कुंडीखाली ग्रिलमध्ये तुळस लावलीय, आणि मी वाळू जरा वाढवावी, असं त्यांचं म्हणणं आहे.